खण वाढवायचे, पण दवाखाना बंद न ठेवता

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयच्या व्यवहारांची संख्या पहिल्यांदाच एका महिन्यात २,००० कोटींच्या वर गेली. रावेरच्या केळीवाल्यापासून जळगावच्या फुले मार्केटातल्या दुकानदारापर्यंत सगळेच त्या आकड्यात आहेत, त्यामुळे बातमी वाचून कुणाला फारसं नवल वाटलं नाही. खरं नवल पुढे आहे. ढीग वाढला की त्यातून एक कागद शोधायला वेळ जास्त लागतो, हा घरोघरचा अनुभव. मग कोट्यवधी खात्यांतून तुमचं खातं स्कॅनर दाखवल्याबरोबर कसं सापडतं? आणि खाती रोज वाढत असताना उद्याही ते तसंच कसं सापडणार?

याची उलटी बाजूही आपल्या ओळखीची आहे. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली की सेतू केंद्रावर रांग लागते आणि आतून आवाज येतो, ‘सर्व्हर डाऊन शे.’ त्याला कारणं अनेक असतात: नेटवर्क, एकदम उसळलेली गर्दी, ढिसाळ प्रोग्राम. त्या सगळ्यांची उठाठेव इथे करत नाही. इथे फक्त साठवणीचा प्रश्न बघू. माहिती वाढत जाते, तिची जागा वाढवावी लागते, आणि ती वाढवताना काम थांबता कामा नये. याचं उत्तर कॉम्प्युटरवाल्यांनी १९७८ ते १९८० या दोन-तीन वर्षांत शोधलं आणि आजही त्यावरच बरंच काही चालतं.

आधी मुळाशी: हॅशिंग म्हणजे काय

समजा अमळनेरला एक दवाखाना आहे. डॉक्टर जुने, पेशंट चोपडा-पारोळ्यापासून येतात, आणि प्रत्येकाचा केसपेपर ठेवलेला असतो. तो शोधून देणं कंपाउंडरचं काम.

पहिली कल्पना कुणालाही सुचेल ती: आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे खण करा. खान्देशात ही कल्पना पहिल्याच आठवड्यात झोपते. ‘प’च्या खणात पाटील आणि पवार कोंबून भरलेले, ‘च’मध्ये चौधरी, ‘म’मध्ये महाजन, आणि ‘ठ’च्या खणात कंपाउंडरचा डबा ठेवायला जागा. खण असूनही शोधायचं ते ढिगातूनच.

मग मोबाइल नंबर घ्यायचा. त्याचे पहिले आकडे कामाचे नाहीत, कारण ९८ आणि ९४ निम्म्या गावाचे असतात. शेवटचा आकडा मात्र कुणाच्या जातीपातीचा, गावाचा, आडनावाचा नसतो. ० ते ९ असे दहा खण केले, नंबरचा शेवटचा आकडा बघितला आणि त्या खणात हात घातला, की सगळे पाटील आपोआप दहा ठिकाणी विखुरतात. मोठ्या इस्पितळांच्या रेकॉर्ड रूममध्ये शेवटच्या आकड्यांवरून फायली लावायची पद्धत खरोखरच वापरतात.

हेच हॅशिंग. ओळख पटवणारी एक खूण घ्यायची (मोबाइल नंबर, खाते क्रमांक, नाव, काहीही), तिच्यावर एक ठरलेलं गणित करायचं, आणि उत्तर येईल तो खणाचा क्रमांक. त्या गणिताला हॅश फंक्शन म्हणतात. त्याच्याकडून अपेक्षा दोनच: एका नंबरला दर वेळी एकच उत्तर यावं, आणि सगळ्या नंबरांची मिळून उत्तरं साऱ्या खणांत सारखी पसरावी. कॉम्प्युटरचं गणित शेवटचा आकडा बघण्याइतकं साधं नसतं. तो पूर्ण खूण घुसळून काढतो, म्हणजे ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ यांचे खणसुद्धा एकमेकांपासून लांब पडतात.

ही युक्ती १९५३ च्या जानेवारीत आयबीएम कंपनीतल्या हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात मांडली. लून मूळचे कापड धंद्यातले. कापडात दर इंचाला किती धागे आहेत हे मोजायचं लुनोमीटर नावाचं साधन त्यांचंच. डेबिट कार्डाच्या नंबरात चूक झाली तर शेवटच्या आकड्यावरून ती पकडणारा हिशेबही त्यांचाच. कपाशीच्या मुलखात राहणाऱ्यांनी हा माणूस लक्षात ठेवायला हरकत नाही.

नुसतं ओळीनं लावलं तर काय बिघडतं?

फार काही बिघडत नाही. क्रमानं लावलेल्या १ कोटी नोंदींतून मधोमध बघत, निम्मा भाग सोडत गेलं तर साधारण २४ वेळा बघून हवी ती नोंद सापडते. हॅशिंगमध्ये ती एकदा, फार तर दोनदा बघून सापडते. चोवीस आणि एक यांतला फरक एका पेशंटला जाणवत नाही, पण सेकंदाला हजारो पेशंट आले की जाणवतो. शिवाय नोंद डिस्कवर असेल तर प्रत्येक ‘बघणं’ महागात पडतं.

एक पथ्य मात्र सांभाळावं लागतं. हॅशिंगला खूण पुरी लागते. आजीबाई आल्या आणि म्हणाल्या, ‘नंबर पोऱ्याले माहीत शे, माले नही,’ की खण असून नसल्यासारखे. अर्धा नंबर सांगून काही मिळत नाही. तसंच ‘साठ वर्षांवरचे सगळे पेशंट काढा’ म्हटलं तर दहाही खण उपसावे लागतात, कारण जवळच्या खुणा जवळ ठेवायच्या नाहीत हाच तर या पद्धतीचा धर्म आहे. म्हणून बहुतेक डेटाबेस (माहिती साठवणारे आणि शोधून देणारे प्रोग्राम) शोधण्यासाठी न सांगता जी सूची बनवतात ती क्रमाची असते, बी-ट्री नावाची; हॅशची सूची मुद्दाम मागावी लागते.

खण भरले की खरी पंचाईत

दहा खण, प्रत्येकात चाळीस कागद मावतात. चारशे पेशंटांपर्यंत कंपाउंडर राजा. पुढे दवाखान्याचं नाव झालं, हजार झाले, दोन हजार झाले. आता प्रत्येक खणात दोनशे कागद, आणि प्रत्येक वेळी ते चाळत बसायचं. म्हणजे आपण पुन्हा ढिगावर आलो.

खण वाढवायचे तर वीस करू. पण खणांची संख्या बदलली की पत्ता काढायचं गणितही बदलतं. आधी नंबरला १० ने भागून बाकी घेत होतो (शेवटचा आकडा म्हणजे दुसरं काय), आता २० ने भागून बाकी घ्यायची. जुना एकेक कागद हातात घेऊन बघायचं: राहतो की हलतो? याला रीहॅशिंग म्हणतात. दोन हजार कागदांना एक रविवार पुरेल. पण कोट्यवधी नोंदी असतील आणि रविवार नसेलच तर?

दुप्पटच का करायचं?

इथे एक साधा हिशेब आहे, आणि तो पुष्कळांना उलटा वाटतो. काटकसरी मालक म्हणेल, एकदम दुप्पट कशाला, लागेल तशी १,००० कागदांची सोय वाढवत जाऊ. करून बघा. हजार झाले, हजार कागद हाताळले. दोन हजार झाले, दोन हजार हाताळले. असं करत १ लाखाला पोचेपर्यंत एकूण ४९ लाख ५० हजार वेळा कागद हातात घ्यावे लागतात. दर वेळी दुप्पट केलं तर १,०००, २,०००, ४,००० असं ६४,००० पर्यंत, सगळं मिळून १ लाख २७ हजार. सरासरीनं प्रत्येक कागद एकदा, दीड वेळा हलला असं म्हणा. काटकसर इथे चाळीसपट महाग पडते.

म्हणून प्रोग्रामिंगच्या भाषा दुप्पट करतात. जावा भाषेतला हॅशमॅप, म्हणजे हॅशिंगवर चालणारं तयार रॅक, १६ खणांनी सुरू होतो, आणि तीन चतुर्थांश, म्हणजे १२ च्या पुढे नोंद गेली की ३२ खण करतो. काठोकाठ भरायची वाट बघत नाही, कारण भरत आलेल्या खणांत गर्दी फार आधी सुरू होते.

पण सरासरी ही फसवी गोष्ट आहे. नव्व्याण्णव पेशंटना पाच सेकंदांत कागद मिळाला आणि शंभराव्याला ‘थांबा, रॅक बदलतोय’ म्हणून दुपारपर्यंत बसवलं, तर सरासरी चांगलीच येते. शंभरावा पेशंट मात्र शिव्या घालत जातो. कॉम्प्युटरात तो शंभरावा माणूस म्हणजे ज्याचा व्यवहार ‘प्रोसेसिंग’ दाखवत अडकला तो.

यावर रेडिस या प्रसिद्ध डेटाबेसनं काढलेली तोड सरळ आहे. नवं दुप्पट रॅक जुन्याशेजारी उभं करायचं, आणि दवाखाना चालू ठेवून, येणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या निमित्तानं जुन्यातला एखादा खण नव्यात रिकामा करायचा. तोवर शोधताना दोन्हीकडे बघायचं. नवा कागद मात्र नव्यातच. काम तेवढंच, फक्त हप्त्यानं फेडलेलं. अडचण जागेची: मधल्या काळात दोन रॅक उभी ठेवावी लागतात.

भरला तोच खण फोडायचा: भिंतीवरचा तक्ता

१९७९ मध्ये रोनाल्ड फॅगिन, युर्ग नीव्हरगेल्ट, निकोलस पिपेंजर आणि रेमंड स्ट्राँग या चौघांनी वेगळा विचार मांडला. सातचा खण भरला तर बाकीच्या नऊ खणांना हात का लावायचा?

त्यांनी खण आणि पत्ता यांच्यामध्ये एक तक्ता आणला. भिंतीवर लिहायचं: बाकी ० आली तर अमुक खण, १ आली तर तमुक. सात भरला की तक्ता वीस ओळींचा करायचा, पण खण एकच नवा आणायचा. ७ ची ओळ जुन्या खणाकडे, १७ ची नव्याकडे. ३ आणि १३ या दोन्ही ओळी अजून एकाच जुन्या खणाकडे बोट दाखवतात, कारण त्याला फोडायची गरजच पडलेली नाही. पुढे तीन भरला तर तक्ता वाढवायचाही प्रश्न नाही; ओळी तयारच आहेत, फक्त १३ समोर नव्या खणाचं नाव लिहायचं.

या पद्धतीला एक्स्टेंडिबल हॅशिंग म्हणतात. तिची हमी मोठी आहे: एकदा तक्ता, एकदा खण, दोन वेळा बघून काम संपतं. पण एखादाच खण हट्टानं पुन्हा पुन्हा भरत राहिला तर त्याच्यापायी अख्खा तक्ता दुप्पट, चौपट होत जातो. आणि घरातल्या पाच माणसांनी एकच मोबाइल नंबर दिला असेल, तर ते पाच कागद कितीही फोडलं तरी वेगळे होत नाहीत, कारण त्यांची खूणच एक आहे. असे कागद एका खणात मावेनासे झाले तर एकच इलाज, खणाला जादा डबा जोडायचा.

पाळीपाळीनं फोडायचं: मला पटलेली पद्धत

विटोल्ड लिटविन यांनी १९८० मध्ये माँट्रियलच्या परिषदेत मांडलेली लिनियर हॅशिंग ही पद्धत पहिल्यांदा ऐकली की चुकीची वाटते. सातचा खण ओसंडून वाहतोय, आणि ही पद्धत म्हणते, आज पाळी शून्याची, शून्यच फोडा.

सातचं काय? त्याला खाली तात्पुरता डबा लावा. त्याची पाळी आली की तोही फुटेल.

नेमकं काय होतं ते बघू. एकूण भरती ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की एक खण फोडायचा, तो नेहमी पाळीतलाच. शून्याचा खण घेतला. त्यातल्या नंबरांच्या दशकाचा आकडा सम असेल (४०, ६०) तर कागद जागेवर. विषम असेल (३०, ५०) तर नव्या १० क्रमांकाच्या खणात. २० ने भागून बाकी घेणं म्हणजे हेच. मग ‘पुढची पाळी १’ अशी एक चिठ्ठी रॅकला लावायची. पुन्हा भरती वाढली की एक फोडायचा, नवा खण ११, चिठ्ठीवर २. तक्ता नाही, दुसरं रॅक नाही, रविवारची सुट्टी नाही. एका वेळी एका खणाचे कागद हलणार, तेवढंच.

आता समजा चिठ्ठीवर ४ आहे. ३२ नं संपणारा नंबर आला. १० ने भागून बाकी २; ती चारपेक्षा कमी, म्हणजे दोनचा खण फुटून गेलेला आहे. तर २० ने भागून बघा: बाकी १२. कागद बाराव्या खणात. ३७ नं संपणारा आला तर बाकी ७. ती चारपेक्षा कमी नाही, म्हणजे सात अजून अखंड आहे, कागद तिथेच. अख्खा पत्ता एका चिठ्ठीवर आणि फार तर दोन भागाकारांवर निघतो. चिठ्ठी ९ च्या पुढे गेली की सगळे खण दुप्पट झालेले असतात. मग १० च्या जागी २० आणि २० च्या जागी ४० घेऊन चिठ्ठी पुन्हा ० वर.

भरलेल्या खणाला वाट बघायला लावून जो न भरलेला आहे तो आधी फोडायचा, हे पटत नाही ते साहजिक आहे. पण गणित चांगलं असेल तर कागद सगळीकडे सारखे पडतात, आज सात पुढे असेल तर उद्या चार असेल, आणि कोणाचीच पाळी फार लांब नसते. मोबदल्यात मिळतं ते मोठं आहे. वाढ कधीच एका माणसाच्या डोक्यावर पडत नाही, सगळ्यांत थोडी थोडी वाटली जाते.

पोस्टग्रेस या डेटाबेसमधली हॅश सूची याच कुळातली. गंमत म्हणजे ती फार वर्षं होती, पण मशीन मध्येच बंद पडलं तर तिचा भरवसा नव्हता; २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत ती दुरुस्ती झाली. पेर-ओके लार्सन यांनी १९७८ मध्ये खण फोडत वाढायची आपली एक पद्धत मांडली होती, आणि पुढे १९८८ मध्ये लिटविन यांची पद्धत कॉम्प्युटरच्या मेमरीत कशी बसवायची ते दाखवलं.

एक दवाखाना पुरेना झाला तर?

डॉक्टरांनी जळगाव, भुसावळ आणि पाचोरा अशा तीन शाखा काढल्या आणि नंबरला ३ ने भागून बाकीप्रमाणे केसपेपर वाटले. आता चाळीसगावला चौथी काढायची. ३ ऐवजी ४ ने भागलं तर किती कागद हलतील? चारांतले तीन. खरं तर नव्या शाखेला चौथा हिस्सा मिळाला की पुरे होतं. बाकीचा प्रवास जुन्या शाखांत आपसांत उगाच.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांनी यावर कन्सिस्टंट हॅशिंग मांडलं. ०० ते ९९ हे आकडे गोल मांडा. जळगाव ३० वर, भुसावळ ६० वर, पाचोरा ९५ वर बसवा. नंबरचे शेवटचे दोन आकडे घ्या आणि पुढे चालत जाऊन जी पहिली शाखा लागेल ती त्याची. ९७ वाला ०० ओलांडून जळगावला जातो. चाळीसगाव ८० वर आणलं तर फक्त ६१ ते ८० एवढेच कागद पाचोऱ्याहून निघतात. जळगाव-भुसावळला पत्ताही लागत नाही. वाटणी असमान होऊ नये म्हणून एका शाखेला गोलावर एक नाही, पुष्कळ जागा देतात. या कामातल्या दोघांनी, टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी, पुढच्याच वर्षी अकामाय ही कंपनी काढली, जी वेबसाइटचं ओझं जगभरच्या सर्व्हरवर वाटते. ॲमेझॉननं २००७ मध्ये आपल्या डायनॅमो या साठवणीची माहिती प्रसिद्ध केली, तिच्यातही हेच तत्त्व होतं.

दोघांचा खण एकच आला, किंवा कोणी मुद्दाम आणला तर?

एक खण दोघांना येणं ही चूक नाही, ते होणारच. २३ माणसं जमली की त्यांत कुणातरी दोघांचा वाढदिवस एका तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, आणि तारखा तर ३६५ आहेत. म्हणून खणात हात घातल्यावर कागदावरचा पूर्ण नंबर ताडून बघतात. खणात दोन-चार कागद असतील तोवर हे फुकटात पडतं.

मुद्दाम केलं तर मात्र फुकटात पडत नाही. एखाद्यानं ७ नं संपणारे हजारो नंबर नोंदवले तर सातचाच खण तुंबेल आणि कंपाउंडर दिवसभर तोच चाळत बसेल. स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलक यांनी हा धोका २००३ मध्ये दाखवला होता. तो फारसा कुणी मनावर घेतला नाही, आणि डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत पीएचपी, जावा, पायथन अशा एकापाठोपाठ एक भाषांवर तो करून दाखवल्यावर पळापळ झाली. उपाय असा की गणितात एक गुप्त आकडा मिसळायचा, जो प्रोग्राम दर वेळी सुरू होताना नव्यानं ठरतो. बाहेरच्याला कोणता नंबर कुठे पडेल ते कळलंच नाही तर तुंबवणार काय?

कोर्टातली ‘हॅश व्हॅल्यू’ हीच का?

कूळ एक, काम वेगळं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, मोबाइलमधला व्हिडिओ वगैरे पुरावा म्हणून देताना जे प्रमाणपत्र जोडतात त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. तिथे फायलीतला एक ठिपका बदलला तरी उत्तर पार बदलावं, आणि तेच उत्तर देणारी दुसरी फाईल कुणाला बनवता येऊ नये, ही अट असते. असं गणित जड आणि संथ असतं. केसपेपर शोधायला ते वापरणं म्हणजे नसती मेहनत.

आणि पेशंट कमी झाले तर?

हे फार कमी जण विचारतात. लिनियर हॅशिंगमध्ये उलटं चालता येतं: शेवटचा खण परत त्याच्या जोडीदारात ओतायचा आणि चिठ्ठीवरचा आकडा एकानं कमी करायचा. पण प्रत्यक्षात बरेच जण ते करतच नाहीत. पोस्टग्रेसची हॅश सूची एकदा वाढली की आपणहून आकसत नाही. लहान करायची तर ती नव्यानं बांधायचा हुकूम द्यावा लागतो. जावाचा हॅशमॅपही नोंदी काढल्या म्हणून खण परत करत नाही. करणाऱ्यांचा विचार असा, की जिथे एकदा गर्दी झाली तिथे ती पुन्हा होईल, आणि रिकामा खण सांभाळायला भरलेला फोडण्यापेक्षा स्वस्त पडतो.